वेस्ट हार्लोचा शिपाई

शिल्पकार जोसाया ब्रॅकेटने शिडीवरून वाकून पुतळ्यावरच्या ताडपत्रीची दोरी आणखी एकदा आवळली. कोणी कड उचलून आत डोकावू नये, एवढीच त्याची काळजी होती.

"अहो, सैल सोडा जरा," खालून स्मारक समितीचे टटल म्हणाले. "लढाईत एकदा मेलाय बिचारा, आता पुन्हा गुदमरवता का त्याला?"

टटल खुर्च्या मांडायला गेले आणि हल्डा डोन आली. यादवी युद्धात या गावची बरीच मुलं गेली. तिचा रूबेन त्यांतला सगळ्यात लहान. समितीने पुतळ्याचं काम दिलं तेव्हा ती बॉस्टनपर्यंत जाऊन रूबेनचा एकुलता एक फोटो ब्रॅकेटच्या हातात देऊन आली होती. शिपायाला तुमच्या मुलाचाच चेहरा देतो, असा त्याने शब्द दिला होता.

"काम झालं ना आता? मग माझा फोटो द्या."

ब्रॅकेट खाली उतरला. पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली पुडी काढून त्याने तिच्या हातावर ठेवली. पुडीला काळी लोकर बांधलेली होती. तिने गाठीवरून अंगठा फिरवला.

"ही गाठ माझी आहे," ती म्हणाली. "तुम्ही सोडलीच नाहीत."

तिचं खरं होतं. शिपाई त्याने घडवला तो एकदाच, बॉस्टनच्या एका गाडीवानाला समोर उभं करून. मग त्याच साच्यातून गावोगावचे शिपाई निघाले. त्या धंद्यात बहुतेक जण तेच करत. रूबेनसाठी नवं डोकं घडवायला फार तर महिना लागला असता. ते त्याने उद्यावर ढकललं आणि ढकलतच राहिला.

"दाखवा मला. लोक यायच्या आत."

त्याने दोरी सोडून ताडपत्री वर केली. हल्डा मान उंचावून बराच वेळ बघत राहिली.

"कोण हा?"

"गाडीवान आहे एक. बॉस्टनचा."

"जिवंत आहे अजून?"

"आहे."

"मग बरंय," ती म्हणाली. "बांधा आता नीट. बाकीच्या आयांना काही बोलू नका."

ब्रॅकेटने ताडपत्री खाली ओढून दोरी पुन्हा बांधली. तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

दुपारी बँड वाजला, ताडपत्री खाली आली.

"अगं बाई, हा तर आमचा एमस!" पुढच्या रांगेतून कोणी म्हणालं.

"एमस कुठला? हनुवटी बघ की. कॅलेब आहे माझा."

बायका डोळे पुसत वाद घालत होत्या. पुरुष येऊन ब्रॅकेटचा हात हातात घेत होते आणि तो दर वेळी आणखी खजील होत होता. हल्डाची खुर्ची रिकामी होती. ती त्याला चौथऱ्याच्या मागच्या बाजूला, गवतात एकटी उभी दिसली.

"पुढे या ना. तुमची जागा ठेवलीय."

"इथं ठीक आहे मी."

ती शिपायाची पाठ बघत होती. खांद्यावर गुंडाळलेली घोंगडी, टोपीखालची मान.

"गेला तेव्हा रस्ता संपेपर्यंत मी त्याची पाठच बघत होते," ती म्हणाली. "इथून तो रूबेन आहे. तुम्ही जा पुढे. तुमचं नाव पुकारतायत."