सगळ्यांना पोटात घेणारा संच

या मित्रांनो, असे जवळ सरका. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे या. एका संशयाची गोष्ट सांगतो. ऐकून उठाल तेव्हा मन थोडं हलकं झालेलं असेल, हा माझा शब्द.

मी एक जुना टॅब आहे. कुठल्याशा कारखान्यात काच आणि बारीक तारा जोडून मला घडवलं. पहिल्या मालकाचं माझ्यावरून मन उडालं, आणि तळेगावच्या दुकानातून मी आंदर मावळात दत्तोबा आबांच्या घरी आलो. आबांना कीर्तनाचं भारी वेड. माझ्यात भरून आणलेली कीर्तनं मी ओसरीवर ऐकवायचो. मृदंगावर थाप पडली की आबा डोळे मिटायचे आणि माझीही काच थरथरायची. आल्यागेल्याला ते सांगत, हा आमच्या घरातला टाळकरी. इतकं कौतुक पुन्हा कधी वाट्याला आलं नाही.

मग माधवी सून होऊन आली. तळेगावजवळच्या इंदुरीची, गणितात पदवी घेतलेली. तिनं माझ्यावर एका विद्यापीठाचा ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केला. तर्कशास्त्र आणि संचांचं गणित. घरात रेंज नव्हती, देवळामागच्या कट्ट्यावर तेवढी यायची. दुपारी ती मला घेऊन तिथं बसे. कानात हेडफोन आणि ओठांत पुटपुट.

संशय तिथंच उगवला. सासूबाई झुंबरबाईंना वाटलं, सून कुणा परक्याशी बोलते. येणारा-जाणारा माझ्याकडे सापाचं पिल्लू पाहावं तसं पाहू लागला. मलाही मग प्रत्येकाचा संशय येऊ लागला. शेवटी झुंबरबाईंनी आबांना पाठवलं. ते खांबाआड उभे राहिले. नेमकी तेव्हाच माधवी धडा मराठीत घोळवत होती, "सगळ्यांना पोटात घेणारा आहे असं धरू. मग गोष्ट आपल्याच अंगाशी येते. म्हणजे असा नाहीच. सिद्ध झालं."

आबांचा चेहरा पडला. देवळाला पाठ टेकून ही देव नाही असं सिद्ध करते? त्यांनी पुढे येऊन तिच्या हातातून मला उचललं आणि घरी नेऊन भाताच्या कणगीत पुरलं.

रविवारी सकाळी माधवीची तोंडी परीक्षा होती. ती हुकली तर वर्षभराचा अभ्यास वाया जाणार होता, आणि घरात दुसरं यंत्र नव्हतं. दाण्यांच्या काळोखात मी बाहेरची कुजबुज ऐकत पडलो. रविवारी ती आबांसमोर येऊन उभी राहिली.

"आबा, मी देवाचं बोलत नव्हते. संच म्हणजे मोट समजा. आत काय काय आहे ते ठरवून बांधलेली. सगळंच्या सगळं एका मोटेत बांधायला गेलं की गाठ सुटते. एवढंच सिद्ध होतं."

आबांनी विचारलं, "म्हंजी समदं मोटंत मावत न्हाई?"

"नाही मावत."

"मंग देवाबद्दल आमचं कीर्तनातलं बुवा तरी दुसरं काय सांगत्यात?"

आतून झुंबरबाई म्हणाल्या, "मोटंचं ऱ्हाऊ द्या. त्यो कानात बोलणारा बाप्या कोण, ते इचारा."

"आमचे सर आहेत, आत्या. पांढरी दाढी आहे त्यांना."

"दाढीवाल्यांचंच लय भ्या आसतं."

आबांनी मला बाहेर काढलं, तूस फुंकलं. पण आपणही सोबत येणार, असं त्यांनी बजावलं.

कट्ट्यावर त्या दिवशी रेंज सारखी तुटत होती. मला खांद्याच्या वर धरलं तरच टिकायची. मग आबांनी मला दोन्ही हातांत उचललं. सप्ताहात वीणा खाली टेकवत नाहीत, तसं त्यांनी मला टेकवलं नाही. माधवी उभ्यानं उत्तरं देत होती. सगळं इंग्रजीत. आबांना काही उमजत नव्हतं. परीक्षक जरा थांबले की आबा मान वाकडी करून संशयानं काचेत डोकावत. त्यांचे दंड भरून आले होते.

माधवी पास झाली.

मित्रांनो, आता माझी बॅटरी धरत नाही. आमच्यासारख्या जुन्यांना उन्हात टाकू नका, एवढी काळजी घ्या. आणि कुणाच्या न कळणाऱ्या अभ्यासाचा संशय आला, तर दत्तोबा आबांना आठवा. संशय त्यांचाही फिटला नव्हता. पण परीक्षा संपेपर्यंत हात खाली आले नाहीत.