भुवईवरचा लाल डाग आणि मी

मित्रांनो, मी अंगठ्याएवढी, थेंब टाकायची एक जुनी बाटली आहे. कारखान्यात माझ्या अंगावर लेबल चिकटवलं, ‘डोळ्यांत घालायचे थेंब’. त्या तीन शब्दांनीच माझा घात केला.

औषधांच्या दुकानातून मी एका तान्ह्या मुलीच्या घरी आले. तिच्या भुवईवर वाटाण्याएवढा लालभडक डाग होता. रक्ताच्या बारीक वाहिन्यांची ती मऊ गाठ. डॉक्टरीणबाईंनी तिच्या आईला बजावलं होतं, “हे डोळ्यांचं औषध, पण अशा गाठीही त्यानं बसतात. डोळ्यांत नाही, डागावर लावायचं. सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब. डाग लहान आहे तोवरच याचा उपयोग.”

आईनं चार दिवस नेमानं थेंब लावला. माझी छाती अभिमानानं फुगली होती. पाचव्या दिवशी बाळाची आत्या राहायला आली. तिनं मला डोळ्यांजवळ धरून लेबल वाचलं.

“अगं, हे तर डोळ्यांचं औषध! आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी!”

“वन्सं, डॉक्टरांनीच सांगितलंय.”

“चुकल्या असतील त्या. असले डाग जातात आपोआप.”

आईनं मान खाली घातली आणि मला फ्रिजवर ठेवलं.

तिथून पाळणा दिसायचा. डाग रोज फुगत होता आणि मी नुसती चडफडत होते. औषध पोटात, आजार समोर, आणि मध्ये दोन पावलांचं अंतर! ओरडणार कशी? मला तोंड होतं, पण त्यावर झाकण.

दीड महिन्यानं आत्याच घाबरून म्हणाली, “अगं, ही एकाच डोळ्यानं बघतेय!” गाठीच्या भारानं पापणी मिटत चालली होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला हलवून पाहिलं. “ही तर भरलेलीच आहे.”

“माझ्यामुळे झालं,” आत्या पुटपुटली.

“आता थेंबांनी भागायचं नाही. पोटातून औषध द्यावं लागेल. त्यानं नाडी मंदावू शकते, म्हणून सुरुवातीला इथंच ठेवून तपासत राहू.”

आत्या तीन दिवस बाळाच्या खाटेजवळून हलली नाही. पुढे हळूहळू गाठ बसली, डोळा पूर्ण उघडला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण चीडही आली. मला उघडून फार दिवस झाले होते, म्हणून आईनं मला टाकून दिलं.

मित्रांनो, औषधाबद्दल शंका आली तर ते परस्पर बंद करू नका. आधी विचारा. डॉक्टरीणबाईंचा फोन नंबर त्यांनी दिलेल्या औषधाच्या चिठ्ठीवर वरच छापलेला होता.