निम्म्याच कोंबड्यांना लस

आमचे सासरे दादासो. कुठल्याही कामात शॉर्टकट सापडल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. भिगवणजवळ आमची पोल्ट्री आहे. तिथं एकेक कोंबडी धरून डोळ्यात लसीचा थेंब टाकायचा असतो. मामंजी निम्म्याच धरायचे. "जिवंत लस हाय, बाकीच्यांना आपसूक लागंल," म्हणायचे. प्रत्येक बॅचला हेच, आणि शेडात खाली अंथरलेलं भाताचं तूसही न बदलता जुनंच.

दिवाळीनंतर कोंबड्या माना वर करून घरघरायला लागल्या. रोज सकाळी टोपल्या भरभरून मेलेल्या निघायच्या. मामंजींनी खापर फोडलं ते बांधापलीकडच्या कुशाकाकींवर. एकट्या बाई, गावरान कोंबड्यांवर घर चालवायच्या. "त्यांच्या कोंबड्या उजनी धरणाच्या पाण्यावर जात्यात, पाखरांचा रोग आणत्यात." काकींची एकही कोंबडी साधी शिंकलीसुद्धा नव्हती, हे मी बोलून दाखवलं. पण आमच्या घरात सुनेचं ऐकतंय कोण!

त्या सगळ्या कोंबड्या मारायच्या, असं मामंजींनी काकींना सांगितलं. काकी भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "भावजी, तुमचं येवढं मोठं शेड. माझ्यापायी नुकसान नगं," म्हणाल्या आणि सगळ्या कोंबड्या स्वतःच्या हातानं धरून दिल्या. मामंजींनी त्या मारल्या आणि चुना टाकून आमच्या रानात पुरल्या.

आज बारामतीहून कोंबड्यांचे डॉक्टर ज्ञानेश आले. आमच्या मेलेल्या कोंबड्यांतल्या विषाणूचा तपासणी अहवाल त्यांच्या हातात होता. त्यांनी चहाला हातही लावला नाही.

"दादासो, रोग बाहेरचा नाही. तुमच्या लसीतलाच विषाणू आहे हा."

"लसीनं कुठं कोंबड्या मरत्यात व्हय?"

"लसीत तो दुबळा केलेला असतो. तुम्ही निम्म्यांनाच दिली, म्हणून तो बाकीच्यांत एकीतून दुसरीत फिरत राहिला. जुन्या तुसातून पुढच्या बॅचमध्ये गेला. स्वतःच्या नकला काढताना त्याच्या चुका होतात. ज्या चुकांनी तो जोरकस झाला, त्या टिकल्या. तुमच्या शेडातच तो पुन्हा मारका झालाय."

मी हबकलेच. इतके दिवस आम्ही आभाळातल्या पाखरांना शिव्या घालत होतो, आणि रोग आमच्याच तुसात वाढत होता! मामंजींचे डोळे पांढरे झाले. "पर ती लस तर मीच..." एवढंच बोलले.

तेवढ्यात कुशाकाकी दारात आल्या. पदरात अंडी होती.

"डाक्तरांची गाडी दिसली म्हणून आले. ही तेवढी पिल्लं काढायला राखली हुती. ही बी पुरायची का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मामंजी, सांगा त्यांना. न्हायतर मी सांगते."

मामंजी उठून उभे राहिले. "कुशावैनी, रोग माझ्याच शेडात तयार झाला. तुमच्या कोंबड्यांचा काय बी संबंध न्हाय."

काकींना आधी ते कळलंच नाही. त्यांनी डॉक्टरांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. पदर तसाच दोन्ही हातांनी घट्ट धरलेला.

"मंग माझ्या कशापायी मारल्या?"