जमिनीत गेलेली वीज

रूपरावांनी खड्ड्यात कोळशाचा थर पसरला, त्यावर खडे मीठ ओतलं आणि मान वर केली. आढ्यावर बसलेला प्रेमदास वायरमन टोकदार सळई घट्ट करत होता. सळईपासून निघालेली तांब्याची पट्टी कवेलूंवरून, मागच्या भिंतीवरून उतरत खड्ड्यापर्यंत आली होती.

"पक्की बसली का?"

"माकडं लोंबकळली तरी हलत नाई, काकाजी."

रुख्माबाई मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पट्टीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"आता कोणाले वाचवून राह्यले?" त्या म्हणाल्या. "जायचा होता थो गेला."

"नलूसाठी करून राह्यलो," रूपराव खड्ड्यातच पाहत म्हणाले. "नात घरी आली पाह्यजे ना आपली."

मागच्या वर्षी हस्ताच्या पावसात, भर दुपारी, या घरावर वीज पडली होती. सरी आत येतात म्हणून मधुकर खिडकी लावायला उठला. गजांना हात लागला न लागला तोच आढं फुटलं, भिंत वरून खालपर्यंत चिरली आणि रूपरावांचा एकुलता एक मुलगा खिडकीखाली पडला. अंगावर धड जखमही नव्हती. त्याची बायको कोकिळा तेव्हा चुलीपाशी होती आणि नलू तिच्या मांडीवर.

तेरवी झाली आणि कोकिळा पोरीला घेऊन बोरगाव मेघेला माहेरी गेली. त्या घरात आता पाय ठेवणार नाही, एवढंच बोलली. रुख्माबाई मात्र वडनेरचं हे घर सोडून कुठे गेल्या नाहीत. मुलगा पडला त्याच खोलीत त्या अंथरूण टाकू लागल्या. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या एकच सांगत, "इजेवर त्याचं नाव लिव्हलं होतं, बाई. थे कोणाच्यानं टळत नाई." सांगताना त्यांचा आवाज कापत नसे. तेवढ्या एका गोष्टीला धरून त्या सकाळी उठत, अंगण झाडत, भाकरी थापत. रूपरावांनी त्यावर कधी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. बायको उठते, दोन घास खाते, यापलीकडे त्यांना काही नको होतं.

उन्हाळ्यात ते नातीला पाहायला गेले. कोकिळेचे वडील अण्णाजी सेवाग्रामच्या दवाखान्यात नोकरीला होते. त्यांच्यासोबत तिथे गेले असताना रूपरावांना इमारतीच्या माथ्यावर एक सळई दिसली. हे काय, म्हणून त्यांनी विचारलं.

"थे इजेसाठी. वर पडली का पट्टीनं खाली मातीत चालली जाते."

रूपराव उन्हात तिथेच थांबले.

"साध्या घरावर लावता येते?"

"येते ना. काऊन नाई?"

"मंग कोकिळा येईन?"

अण्णाजींनी रुमालानं मान पुसली. "पाहू, इवाईबुवा. विचारतो तिले."

महालक्ष्म्या झाल्यावर अण्णाजी लेकीला आणि नातीला घेऊन आले. कोकिळा अंगणातच उभी राहिली. रूपराव तिला घराभोवती फिरवत सगळं दाखवू लागले. सळई कुठे, पट्टी कुठून, खड्डा किती खोल, त्यात रोज पाणी का घालायचं. ती डोक्यावरचा पदर धरून ऐकत होती. नलू आजोबांच्या धोतराला धरून मागे मागे चालत होती.

"मामाजी, मी बसते ओसरीवर," कोकिळा शेवटी म्हणाली. "आत मले नका म्हणू."

पण दुपार कलली तसं आभाळ दाटून आलं. वारा सुटला आणि अंगणात धूळ उठली. पहिला गडगडाट झाला तेव्हा कोकिळेनं पोरीला उचललं आणि ती कोणीकडे जावं हे न कळून तशीच उभी राहिली. रुख्माबाईंनी तिचा दंड धरून तिला आत घेतलं. सगळे मधल्या खोलीत, भिंतींपासून दूर, जमिनीवर बसले.

मग खोली एकदम पांढरी झाली. आवाज इतका जवळून आला की तो कानांनी ऐकला की छातीनं, हे कोणाला सांगता आलं नसतं. नलू किंचाळली. कोकिळेनं तिला पोटाशी घेऊन डोळे मिटले. छतावरून थोडी माती गळली आणि थांबली.

पहिले उठले ते रूपराव. पावसाची सर ओसरताच ते मागच्या दारानं बाहेर गेले. भिंतीवरून तळहात फिरवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले. खड्ड्यातून वाफ निघत होती. ते धावतच आत आले.

"काईच झालं नाई! सळईवरच पडली आन् गेली खाली. भिंतीले नवा चरा नाई. या, पाहा तुमी!"

अण्णाजींनी हात जोडले. कोकिळेनं डोळे उघडले, छताकडे पाहिलं आणि पोरीचे केस मागे सारत पहिल्यांदाच रडली. "हो," ती म्हणाली. "राहीन मी, मामाजी."

रुख्माबाई उठून मागे गेल्या. रूपराव हसतच त्यांच्या मागोमाग गेले. रुख्माबाई पट्टीसमोर उभ्या होत्या. आढ्यापासून खड्ड्यापर्यंत त्यांनी नजर खाली आणली, पुन्हा वर नेली, पुन्हा खाली आणली. मग दोन बोटांत ती पट्टी धरून पाहिली.

"एवढ्यानं गेली?"

"हो."

"घरात नाई आली."

"नाई ना! म्हनूनच तं..."



"म्हंजे टळते," रुख्माबाई म्हणाल्या.

त्यांनी बोटं पदराला पुसली. रूपरावांनी काही बोलण्यासाठी तोंड उघडलं, पण 'इजेवर त्याचं नाव लिव्हलं होतं' हे वर्षभर बायकोच्या तोंडून रोज ऐकलेलं वाक्य त्यांना उच्चारता आलं नाही. रुख्माबाई त्यांच्या बाजूनं निघाल्या, ओल्या अंगणातून सरळ गोठ्यात गेल्या.

दिवस मावळताना कोकिळेनं सैपाक केला. नलू घरभर हिंडत होती. चुलीचा धूर वर्षभरानं सुनेच्या हातचा वास घेऊन निघाला. अण्णाजी जेवायला बसले, रूपरावांना बोलवत होते. कोकिळेनं सासूला दोनदा हाक मारली.

रूपराव ताट घेऊन गोठ्यात गेले. रुख्माबाईंनी गव्हाणीजवळची जागा झाडून घेतली होती, कडब्याच्या पेंढ्या सरकवून त्यावर पोतं अंथरलं होतं.

"घरात चाल," रूपराव म्हणाले. "पोरी आल्या. घर भरलं आपलं."

"राहू द्या त्याईले. चांगलं झालं."

"आन् तू?"

रुख्माबाईंनी ताट हातात घेतलं, भाकरीचा तुकडा मोडला. तो तसाच बोटांत धरून त्या बैलाच्या पाठीकडे पाहत राहिल्या.

"उद्या बी ताट इथंच आनजा," त्या म्हणाल्या.