निळसर डाग

खंडेनवमीला सासूबाईंनी माझ्या वडिलांच्या कॅमेऱ्याची लेन्स दंतमंजनाने घासली. विळी, कात्री, शिलाई मशीन सगळं दसऱ्याच्या पूजेसाठी लखलखीत झालं होतं. लेन्सच्या काचेवर तेवढी निळसर-जांभळी झाक राहिलेली त्यांना कशी खपणार? "चिवट होता डाग, पण काढला," असं वर कौतुकानं सांगितलं. माझं डोकंच फिरलं.

तो डाग नव्हता. काचेवर पडलेला उजेड परत फिरू नये म्हणून चढवलेला पातळ थर होता. गंमत म्हणजे ही युक्ती सुचली ती डागांवरूनच. सव्वाशे वर्षांपूर्वी एका इंग्रज भिंगवाल्याला दिसलं, की काळपटलेली जुनी भिंगं नव्यापेक्षा जास्त उजेड आत सोडतात. पुढे जर्मनांनी तसा थर मुद्दाम चढवला आणि दुसऱ्या महायुद्धात तो गुपित म्हणून जपला. आमच्या कर्वेनगरच्या स्वयंपाकघरात तो दंतमंजनाने गेला.

मंडईत सुंदराबाई झेंडू विकतात. वडील दर दसऱ्याला याच लेन्सने त्यांचा फोटो काढत. ते गेल्यावर मी काढते. यंदा गाळा सोडून त्या मांजरी गावी मुलाकडे राहायला निघाल्या होत्या. म्हणजे हा शेवटचा फोटो, आणि त्यांच्या डोक्यावर उघडा दिवा. घरच्या दिव्याखाली लेन्स लावून पाहिली, तर समोरच्या चेहऱ्यावर पांढरट धुरी. माझा नवरा अभिनव म्हणाला, दुसरी लेन्स ने. मी सांगितलं, फोटो निघेल तो हिच्यातूनच.

"उजेड काचेवर पडूच दिला नाही तर?" सासूबाईंनी विचारलं. प्रश्न अगदी बरोबर होता, आणि त्याचा मला आणखीच राग आला.

पहाटे त्या काळी छत्री घेऊन दारात तयार. मंडईत माझ्या डोक्याशी छत्री तिरकी धरून दिवा अडवत उभ्या राहिल्या. हात भरून आला तरी छत्री हलली नाही. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "आजी, इथं आत पाऊस पडतो का?"

"तुम्ही झेंडू घ्या," त्या म्हणाल्या.

सुंदराबाई हसल्या. तेवढ्यात मी फोटो घेतला. डोळ्यांजवळची सुरकुती न् सुरकुती आली. वडिलांना आवडला असता. मला तिथेच रडू आलं.

घरी पूजेला लेन्स मांडली. सासूबाईंनी बोटावर कुंकू घेतलं, काचेपर्यंत नेलं आणि थांबल्या. मग माझ्याकडे हात पुढे करून म्हणाल्या, "झाकण दे."

कुंकू त्यांनी झाकणाला लावलं.