बॅटऱ्या गेलेल्या कॅरॅव्हॅनचे मनोगत

मित्रांनो, कतारमधल्या दुखान गावाच्या रस्त्यालगतच्या मोकळ्या आवारात, हवा गेलेल्या टायरांवर बसलेली जी मळकट पांढरी गाडी तुम्हाला दिसते आहे ना, ती मी. मला कॅरॅव्हॅन म्हणतात. चाकांवरचे घर म्हणा हवे तर. माझ्या खिडक्यांवर इतकी धूळ बसली आहे की आतले काही दिसत नाही. दिसण्यासारखे आत काही उरलेलेही नाही.

माझा जन्म दूर थंड देशातल्या एका कारखान्यात झाला. जहाजाने मी कतारला आले आणि वाळवंटात राहायला शिकले. वाळवंटात घर चालते ते विजेवर. माझ्या छपरावर उन्हापासून वीज करणाऱ्या दोन काळ्या पाट्या होत्या. पोटाखालच्या पेटीत जाडजूड बॅटऱ्या होत्या. त्या बॅटऱ्यांची वीज घरातल्यासारखी करून देणारा इन्व्हर्टर होता आणि मागच्या बाजूला एक लाल जनरेटर. हे सगळे होते म्हणून माझ्यात दिवे लागत, पंखा फिरे, फ्रिजमध्ये दूध टिके.

माझे पहिले मालक दुखानच्या तेलकंपनीत काम करणारे एक परदेशी गृहस्थ होते. माणूस अबोल, पण काळजी घेणारा. बॅटऱ्यांच्या पेटीला त्यांनी भक्कम कुलूप लावले होते. जनरेटर साखळीने माझ्या सांगाड्याला बांधलेला असे. छपरावरच्या पाट्यांना वेगळेच बोल्ट होते, साध्या पान्याने न निघणारे. मला सोडून जाताना ते विजेची केबल गुंडाळून आत ठेवत. निवृत्त झाल्यावर त्यांनी मला प्रतापरावांना विकले. जाण्याआधी त्यांनी प्रत्येक कुलूप स्वतः उघडून आणि लावून दाखवले.

प्रतापराव नाशिकचे. त्याच कंपनीत इंजिनिअर. त्यांच्या पत्नी शशिकलाताई आणि मुलगी अनुष्का. अनुष्काला मराठी सगळे कळे, पण आईने मराठीत विचारले तरी उत्तर इंग्रजीतच यायचे. हिवाळा लागला की प्रतापराव मला आपल्या जीपच्या मागे जोडत आणि पश्चिमेच्या किनाऱ्यावर एका खाजगी कॅम्पात नेऊन उभी करत. मार्च सरेपर्यंत मी तिथेच असे. आठवडाभर एकटी. कतारमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारची, म्हणून गुरुवारी संध्याकाळी मात्र ही मंडळी येत आणि माझ्यात जीव येई. शशिकलाताई थालीपिठे लावत, प्रतापराव समुद्रात गळ टाकून बसत. मासा क्वचितच लागे. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते.

त्या कॅम्पावर नसरुद्दीन नावाचा राखणदार होता. बिहारचा, तिशीतला, अंगाने काटकुळा. दहा-बारा कॅरॅव्हॅन आणि तंबूंची राखण तो एकटा करी. त्याच्या पत्र्याच्या खोलीत वीज नव्हती. माझ्या बाहेरच्या बाजूला एक प्लग होता. शशिकलाताईंनी पहिल्याच हिवाळ्यात त्याला सांगितले होते, "भैया, फोन यहाँ लगाया करो. पूछना नहीं."

तेव्हापासून रोज संध्याकाळी तो माझ्या पायरीवर येऊन बसे. फोन लावी आणि घरी बोले. त्याला इनाया नावाची मुलगी होती. तो कतारला आला त्यानंतर ती जन्मली. बापाने लेकीला पाहिले होते ते फोनच्या काचेतच. ती आधी नुसती रडायची. मग हसायला लागली. पुढे बोबडे बोलायला लागली. "अब्बू, तुम्हारे पीछे क्या है?" असे ती विचारी, आणि नसरुद्दीन फोन फिरवून तिला समुद्र दाखवी, कधी मलाही दाखवी. माझ्या बॅटरीतली थोडीशी वीज त्या बोलण्याला लागे. तेवढ्याने मला फार मोठे झाल्यासारखे वाटे.

पहिले वर्षभर प्रतापरावांनी सगळी कुलुपे नीट लावली. मग कंटाळा येऊ लागला. कुलपात वाळू जाई, किल्ली अडके, साखळीने हात काळे होत. एके शनिवारी त्यांनी साखळी सोडली ती बांधलीच नाही. बॅटऱ्यांच्या पेटीचे कुलूप गंजले म्हणून काढले, नवे आणायचे राहून गेले. केबल बाहेर तशीच लोंबत राहू लागली.

नसरुद्दीनने हे पाहिले. तो म्हणाला, "साब, ताला लगा दीजिए. दिनभर मैं एक ही जगह नहीं रहता."

प्रतापराव हसले. "अरे, ये कतार है. यहाँ लोग गाडी चालू छोडके दुकान में जाते हैं. और तुम हो ना यहाँ!"

नसरुद्दीनही हसला. त्याला ते बोलणे मानाचे वाटले असावे. मला मात्र त्या दिवसापासून पोटाखाली गार वारा लागू लागला.

मग ती बुधवारची दुपार आली. सकाळपासून जोराचा वारा सुटला होता आणि हवेत वाळू भरली होती. गुरुवारसाठी प्रतापरावांनी पाण्याचा टँकर मागवला होता, तो एक दिवस आधीच आला आणि हमरस्त्यावर चुकला. नसरुद्दीनचा फोन वाजला तेव्हा तो माझ्याच सावलीत बसला होता. पलीकडून प्रतापराव होते. नसरुद्दीन म्हणाला, "साब, यहाँ कोई नहीं है, मैं कैसे जाऊँ?" पलीकडचे काहीतरी ऐकून तो पुन्हा म्हणाला, "ठीक है साब, जाता हूँ," आणि तोंडाला गमछा बांधून चालत निघाला.

तो दिसेनासा झाल्यावर बऱ्याच वेळाने एक पिकअप आली. तोंडे झाकलेली दोन माणसे उतरली. पेटीचे झाकण नुसत्या बोटाने उघडले. बॅटऱ्या निघाल्या, इन्व्हर्टर निघाला. तारा सोडवत बसले नाहीत, कापल्या. जनरेटर दोघांनी मिळून उचलला. केबल ओढून घेतली. छपरावरच्या पाट्यांशी थोडी झटापट केली, पण ते वेगळे बोल्ट निघेनात, तेव्हा चिडून एक पाटी फोडून टाकली. आणि गेले. मित्रांनो, ओरडायला मला तोंड नाही.

नसरुद्दीन टँकर घेऊन परतला. माझी उघडी पेटी पाहिली, कापलेल्या तारा पाहिल्या. मग त्यानेच फोन केला. प्रतापराव आले, बरोबर शशिकलाताई आणि अनुष्काही. थोड्या वेळाने कॅम्पाचे मालक आले, शेजारच्या तंबूंतली माणसे जमली.

मालकांनी विचारले, "तू किधर था?"

"साब ने भेजा था, टँकर को रास्ता दिखाने."

सगळ्यांनी प्रतापरावांकडे पाहिले. प्रतापराव रागाने लाल झाले होते. फुटलेली पाटी, कापलेल्या तारा, आणि त्यात इतक्या लोकांसमोर कुलपांचा विषय निघेल ही धास्ती. ते म्हणाले, "मैंने टँकर का बोला था. जगह छोडके जाने को नहीं बोला."

एवढेच एक वाक्य. शशिकलाताईंनी मान खाली घातली. शेजारच्या तंबूतला कोणीतरी म्हणाला की राखणदार आतून मिळालेला असल्याशिवाय असे होत नाही. मालकांनी नसरुद्दीनच्या हातातून खोलीची किल्ली घेतली.

लोक पांगल्यावर तिघे माझ्या अंधाऱ्या पोटात येऊन बसले.

"अहो, फोन तुम्ही माझ्यासमोर केलात," शशिकलाताई म्हणाल्या. "तो नाही म्हणत होता. तुम्ही म्हणालात, पाच मिनिटांत काही होत नाही, जा."

"अगं, रागाच्या भरात निघून गेलं तोंडातून."

"मग आत्ता जा आणि सांगा त्यांना."

"आत्ता ते भडकलेत. उद्या सांगतो. पोलीस बघतील ना, खरं काय ते बाहेर येईलच."

अनुष्का कोपऱ्यात गुडघे जवळ घेऊन बसली होती. ती म्हणाली, "बाबा, तू खोटं बोललास."

तिने ते मराठीत म्हटले.

दुसऱ्या दिवशी प्लांटमध्ये काहीतरी मोठा बिघाड झाला आणि प्रतापराव तिकडेच अडकले. त्यांनी मालकांना फोन लावला नाही, असे शशिकलाताई नंतर म्हणाल्या. फोनवर नको, समोर जाऊन बोलेन, असे ते म्हणत राहिले. अखेर ते कॅम्पावर आले तेव्हा पत्र्याच्या खोलीत नवा माणूस राहायला आला होता. मालक भेटले. प्रतापरावांनी मान खाली घालून सगळे सांगितले, एकही शब्द न लपवता. मालकांनी ऐकून घेतले. मग दोन्ही हात झटकले. "खलास. वो गया. कल का फ्लाइट था." नसरुद्दीनला त्यांनी कामावरून काढून भारतात परत पाठवले होते.

शशिकलाताईंनी नसरुद्दीनचा नंबर लावला. इथला नंबर, तो बंद झाला होता. त्या पुन्हा पुन्हा लावत राहिल्या. मग त्यांनी विचारले, "त्याच्या गावाचं नाव काय हो?"

प्रतापरावांना ठाऊक नव्हते. "गोपालगंजकडचा कुठलातरी," एवढेच ते म्हणाले. ताईंनाही ठाऊक नव्हते. वाणसामान कुठून येते, मुलीला काय आवडते, वारा कधी पडेल, सगळे त्याच्याशी बोलून झाले होते. गावाचे नाव विचारायचे राहून गेले होते. आता माफी मागायची तरी ती पाठवायची कुठे?

चोर सापडले नाहीत. माझ्या बॅटऱ्याही सापडल्या नाहीत. प्रतापरावांनी नव्या घेतल्या नाहीत. त्यानंतर ही मंडळी समुद्रावर आलीच नाहीत. प्रतापरावांनी मला या आवारात आणून सोडले आणि विकायची जाहिरात दिली. गिऱ्हाईक येते, पेटीचे झाकण उघडते, कापलेल्या तारा पाहते आणि निघून जाते. एक उन्हाळा गेला. उन्हाने माझ्या सांध्यांतले रबर तडकले आहे, छपरातून वाळू आत येते. हे कुटुंब आता दोहा शहरातल्या ओल्ड एअरपोर्ट भागात राहायला गेले आहे असे ऐकते. परवा आवारवाल्याने भंगारवाल्याला बोलावून माझे माप घेतले.

मित्रांनो, माझे थोडेसे ऐका. आपल्या वस्तूला कुलूप लावण्याचा कंटाळा करू नका. साखळी बांधा, केबल आत ठेवा, गंजलेले कुलूप त्याच दिवशी बदला. त्याला फार वेळ लागत नाही. आणि एवढे करूनही काही गेलेच, तर जो माणूस समोर हात जोडून उभा आहे त्याच्याविषयी खरे काय ते त्याच क्षणी बोला. खरे बोलणे उद्यावर टाकू नका. बॅटऱ्या दुकानात मिळतात.

इनाया आता बरीच मोठी झाली असेल. बाप घरी आला म्हणून तिला आनंद झाला असेल. तो का परत आला हे तिला कोणी ना कोणी सांगितले असेलच. काय सांगितले असेल, ते मला कधीच कळणार नाही.