मी बंद पडलेच नव्हते

मित्रांनो, बाकीचं सगळं नंतर, आधी हे ऐका. मासळीबाजाराचा बर्फ वाटेत वितळला ना, त्या दिवशी मी बंद पडलेच नव्हते! इंजिन ठणठणीत होतं, टाकीत डिझेल होतं, आणि मी झाडाखाली नुसती उभी होते. कारण मला चालवणारा समोरच्या दुकानात मॅच बघत बसला होता. मागे बर्फाचं पाणी होतंय, आणि हा षटकं मोजतोय!

मी कोण? बर्फाच्या कारखान्यातली डिझेल पिकअप. आता जुनी म्हणतात. नवी होते तेव्हा मालक माझी काच स्वतःच्या रुमालाने पुसायचे. मग तोंड कशाने पुसणार, असं मालकीणबाईंनी विचारलं की म्हणायचे, बाही आहे ना. हौद्यात बर्फाच्या लाद्या, वर गोणपाट, आणि सकाळपासून माझी पळापळ: मासळीबाजार, सरबतवाले, हॉटेलं. जन्मभर पाठीवरून गार पाणी गळतंय, पण कधी साधी कुरकुर केली नाही.

मग मला चालवायला आले मामा. मामा म्हणजे मालकीणबाईंचा धाकटा भाऊ. घरातली मुलं मामा म्हणतात म्हणून सगळा कारखाना मामा म्हणतो. माणूस वाईट नाही हो, पण अंथरुणावर फार जीव. एकदा उशीर झाला आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, गाडी बंद पडली. गिऱ्हाईक रागावण्याऐवजी चक्क हळहळलं. झालं, मामांना गुरुकिल्ली सापडली. झोप लागली, गाडी बंद पडली. मित्र भेटला, गाडी बंद पडली.

आणि मामा एकटे असते तर मी सोसलंही असतं. पण मालकसुद्धा! ऑर्डर विसरले की फोनवर तेच. मालकीणबाईंना एका लग्नाला जायचा कंटाळा आला, तर त्यांनीही तेच सांगितलं. मी दारात उभी, टायरमध्ये हवा टम्म, आणि आत माझ्या नावाने रडगाणं. सांगा, अंगाचा तिळपापड होईल की नाही?

आता मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. चढाला काळा धूर सोडते. हौद्याचा पत्रा बर्फाच्या पाण्याने इतका गंजलाय की भोकातून रस्ता दिसतो. आणि थंडीत मला सुरू करायचं तर किल्ली अर्धी फिरवून समोरचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबावं लागतं, म्हणजे आतले हीटर प्लग तापतात. एक जांभई द्या, तेवढाच वेळ. मामांना तेवढाही धीर नाही. दिवा विझायच्या आतच किल्ली पूर्ण फिरवून थंडगार इंजिनाला ते गदागदा हलवणार, मी खोकणार, आणि हे म्हणणार, म्हातारी झाली. मिस्त्रीने मागेच सांगितलं होतं, डिझेल फवारणारे नोझल साफ करा, प्लग आणि पत्रा बदला, इंजिन दणकट आहे. पण भंगारात पैसे कोण घालणार, म्हणून त्याला वाटेला लावलं.

मग त्या वितळलेल्या बर्फापायी मासळीवाला तुटला. वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक! तुमच्या गाडीचा भरवसा नाही म्हणाला आणि दुसऱ्याकडून बर्फ घ्यायला लागला. मालकांनी ठरवलं, ही विकायची आणि नवी घ्यायची. मामा लगेच मोबाइलवर नवीचे फोटो दाखवायला लागले. पांढरीशुभ्र, आत टीव्हीएवढा पडदा. मी पाहिलं हो, आरशातून सगळं दिसतं.

एका दुपारी मला विकत घ्यायला गिऱ्हाईक आलं, विटांचा धंदा असलेला माणूस. त्याने टायरला लाथ मारली, हौद्याचं भोक बघून नाक मुरडलं आणि विचारलं, "बंद पडते का?"

मामा ताठ झाले. "ही? छे हो. इतकी वर्षं चालवतोय, एकदासुद्धा नाही."

आणि मित्रांनो, त्या दिवशी त्यांनी किल्ली अर्धी फिरवली आणि दिवा विझेपर्यंत थांबले! मी एका झटक्यात सुरू झाले. रागाने का होईना, पण काय आवाज लावला होता मी.

विटावाला खूश. पण मालक तिथेच थिजले. "एकदासुद्धा नाही? मग मासळीबाजाराचा बर्फ वितळला त्या दिवशी काय झालं होतं?"

मामा खिडकीतून खाली वाकून हळूच म्हणाले, "दाजी, ते तुम्हाला सांगायचं होतं. हे गिऱ्हाइकाला सांगायचंय."

मालक लाल झाले. तुझा भाऊ, तुझा भाऊ, असं मालकीणबाईंवर सुरू झालं. त्या दारातून शांतपणे म्हणाल्या, "आणि तुम्ही फोनवर काय सांगता रोज? मीही सांगितलंय. तिघांनी मिळून चांगल्या गाडीला आजारी पाडलं. नवीलाही पाडू."

मी आपली धडधडत होते. मग मालकांनी आत हात घातला, मला बंद केलं, किल्ली काढून खिशात टाकली आणि विटावाल्याला म्हणाले, माफ करा, द्यायची नाही.

मिस्त्री आला, पत्रा बदलला, नोझल धुतले, प्लग नवे घातले. धूर गेला. मालक स्वतः मला घेऊन मासळीवाल्याकडे गेले आणि गाडी कधी बंद पडलीच नव्हती, चूक आमची, असं तोंडावर सांगितलं. तो अजून रुसलाय, पण कालपासून दोन लाद्या घेतो.

माझी माफी मात्र कुणी मागितली नाही. काच रुमालाने पुसली, बस्स.

म्हणून सांगते मित्रांनो, सायकल असो, घड्याळ असो, पंखा असो, दुखलंखुपलं तर वेळेवर बघा, टाकून द्यायची घाई करू नका. आणि आपला आळस त्यांच्या नावावर खपवू नका. आम्हाला उलटून बोलता येत नाही, म्हणून काय झालं?

मामांना आजही उशीर झाला. फोन उचलून म्हणाले, "गाडी..." मालकांनी नुसतं वर पाहिलं. मामा लगेच म्हणाले, "गाडी चांगली आहे हो. मी झोपलो होतो."